निळीतलं पांढरं

"नको मावशी, ह्या नव्या यंत्राचं टोपण आलंय सोबत," अनुपमा म्हणाली, आणि मंजुळाबाईंचा पुढे गेलेला हात तसाच हवेत राहिला. हातात घडी घातलेला पांढरा कपडा होता. मांजरपाटाचा, वीतभर चौकोनी, चारी कडांना हातशिलाई घातलेला.

अनुपमानं दुर्बिणीचं टोक त्या पांढऱ्या टोपणात खुपसलं आणि बटण दाबलं. पडद्यावर क्षणभर भगभगीत पांढरं आलं, यंत्रातून टिंग असा आवाज झाला आणि काम संपलं. डॉक्टर हिंमतराव हातमोजे चढवत म्हणाले, "वा! लगेच झालं का?" मंजुळाबाईंनी कपडा पदराआड घेतला. तो कोणी पाहिलासुद्धा नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

पोटात दुर्बीण घालण्याआधी तिला पांढरं दाखवावं लागतं. पांढरं म्हणजे हे, असं एकदा तिला कळलं की बाकीचे रंग ती त्यावरून ठरवते. नांदुऱ्याच्या स्टेशन रस्त्यावरच्या हिंमतराव डॉक्टरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं हे काम मंजुळाबाईंकडे होतं. दवाखान्यातला गॉज, म्हणजे पट्टीचं जाळीदार कापड, त्यांना कधी पांढरा वाटलाच नाही. मळकट कुठला, वर सुतं सुटणारा. म्हणून त्यांनी स्वतः मांजरपाट आणला, शिवला, आणि दर रविवारी त्या तो कपडा उकळून, नीळ देऊन, गच्चीवर वाळवून आणायच्या. एवढं पांढरं अख्ख्या नांदुऱ्यात शोधून सापडणार नाही, असं त्या म्हणायच्या आणि समोरच्यानं हो म्हणेपर्यंत थांबायच्या.

तशा त्या आल्या होत्या झाडू-पोछ्याला. पण एक दिवस कंपाउंडर आला नव्हता, डॉक्टरांचे दोन्ही हात दुर्बिणीत अडकलेले आणि पडदा नुसता पांढरा झालेला. "अरे कोनी उजेड कमी करा बे!" डॉक्टर ओरडले. मंजुळाबाई फरशी पुसत होत्या. त्यांनी पोछा टाकला, पदराला हात पुसला आणि यंत्राची चकती हळूच मागे फिरवली. "अजून थोडा," डॉक्टर म्हणाले. "अजून. बस." काम झाल्यावर त्यांनी मान वळवून पाहिलं आणि हा हात कोणाचा ते कळल्यावर बराच वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हात धुऊन इकडं उभ्या राहा."

माणसाच्या पोटात देवानं खिडकी ठेवलेली नाही. सगळा उजेड बाहेरून न्यायचा. दुर्बीण आतल्या भिंतीजवळ गेली की उजेड अंगावर येतो आणि काही दिसत नाही, मोकळ्या जागेत गेली की सगळं विहिरीसारखं काळं. तेव्हा चकती पुढेमागे करत राहावी लागते, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबून चालत नाही. मंजुळाबाई डॉक्टरांच्या मनगटाकडे बघून ओळखायच्या. मनगट वळलं की उजेड कमी, सरळ झालं की जास्त. दिवा बदलताना काचेला उघडं बोट लागू द्यायचं नाही, नाहीतर तेलकट डागानं तो तडकतो, हेही त्या पहिल्याच खेपेला शिकल्या. सातवी शिकलेल्या बाईचं हे कसब पाहून खामगावचा एक मोठा डॉक्टर म्हणाला होता, "हिंमतराव, ही बाई मले द्या." त्यावर डॉक्टर म्हणाले होते, "बायको मागा, देतो. मंजुळाबाई नाही."

आणि त्या 'मंजुळाबाई' होत्या, हे महत्त्वाचं. दवाखान्यात झाडणारीला मावशी म्हणतात. चकतीवर हात आल्यापासून त्यांना मावशी म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. आता ही चोवीस वर्षांची पोर देऊळगाव राजाहून काय येते, संभाजीनगरचा डिप्लोमा काय दाखवते आणि पहिल्याच सकाळी मावशी म्हणते! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

नव्या यंत्राला चकतीच नव्हती. ते आपला उजेड आपणच कमी-जास्त करायचं, डॉक्टरांचं मनगट वळायच्या आत. वर आणखी एक बटण होतं. ते दाबलं की पांढरा उजेड जाऊन निळा-हिरवा उजेड यायचा आणि साध्या उजेडात न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी होऊन वर यायच्या. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे डॉक्टर लहान पोरासारखे हसले. "अनुपमाताई, अजून एकदा दाबा. आता काढा. आता पुन्हा दाबा." मंजुळाबाई रोग्याची हनुवटी धरून उभ्या होत्या. तेवढंच काम उरलं होतं. हनुवटी धरा, लाळ पुसा, पाणी द्या, आणि संपल्यावर नळी धुवा.

'अनुपमाताई' व्हायला त्या पोरीला चार दिवस लागले. मंजुळाबाई व्हायला ह्यांना वर्ष लागलं होतं.

मग त्या तिच्या खोडी मोजायला लागल्या. चहा पिताना ती फुंकर फार घालते. चपला दाराच्या मधोमध काढते. फोनवर आईशी बोलताना "इथं समदे लई चांगले हायत" म्हणते, म्हणजे आम्हाला प्रमाणपत्र देते की काय? डॉक्टर दुपारी तिला पडद्यावर जुनी चित्रं दाखवत बसायचे, हे बघा, ते बघा. अकरा वर्षांत मंजुळाबाईंना त्यांनी एकदाही बसा म्हटलं नव्हतं. आपल्यालाही कधी बसावंसं वाटलं नव्हतं, हे मात्र त्या सोयीनं विसरल्या. पोटात नुसती आग. ती कोणत्या दुर्बिणीत दिसली असती कोण जाणे.

तीन आठवडे असे गेले. एका संध्याकाळी नळी धुऊन झाल्यावर ओट्यावर ते टोपण एकटंच पडलेलं होतं. अनुपमा हात धुवायला गेली होती. मंजुळाबाईंनी टोपण उचललं, पुसलं, जागेवर ठेवायला म्हणून कपाटापर्यंत गेल्या, आणि कपाट न उघडता ते आपल्या डब्याच्या पिशवीत टाकलं. घरी जाईपर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं. रात्री झोप मात्र छान लागली.

सकाळी अनुपमानं कपाट, टेबल, कचऱ्याची बादली, सगळं पालथं घातलं. पहिला रोगी टेबलावर आडवा झालेला. वडनेरचे मोतीराम, वांगी-टमाटे पिकवणारे, पासष्टीचे, गालात तंबाखूची कायमची जागा. घास उतरताना छातीत टोचतं म्हणून आले होते. घशात बधिर करायचा फवारा मारून झाला होता.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, टोपण सापडंना. मी गॉज घेते."

"गॉज कायले? मंजुळाबाईचा कपडा हाय ना. काहाडा हो मंजुळाबाई."

मंजुळाबाईंनी कपडा काढला. तो तयारच होता. घडी उलगडताना त्यांनी अनुपमाकडे बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. दुर्बिणीचं टोक कपड्यासमोर आलं, टिंग वाजलं, आणि तीन आठवड्यांनी मंजुळाबाईंना पोटभर श्वास घेता आला.

दुर्बीण आत गेली. मंजुळाबाईंनी मोतीरामांची हनुवटी धरली. "नाकानं श्वास घ्या भाऊ. गिळू नका. हाव, असंच." पडद्यावर अन्ननलिकेची वाट उघडत गेली, मग पोट.

"अनुपमाताई," डॉक्टर म्हणाले, "आज जुन्या मशीनीसारखं काऊन दिसून राह्यलं? लालच लाल हाय सारं."

"सर, मला बी तसंच वाटायलंय."

"सूज असन. तंबाखू खाते, मिरची खाते, मग काय व्हईन?" त्यांनी निळा उजेड मागितला. तोही गढूळ आला, तपकिरी आणि लाल एकात एक मिसळल्यासारखा. डॉक्टरांनी नळी मागे घेतली. "सूजच हाय, मोतीरामभाऊ. गोळ्या देतो. महिन्यानं दाखवा."

जुन्या मशीनीसारखं! मंजुळाबाईंना ते ऐकून आधी बरंच वाटलं. जुनं ते सोनं, दुसरं काय.

अनुपमा मात्र पडद्याकडे बघत उभी होती. मग तिनं तो कपडा उचलला, दुसऱ्या हातात गॉजचा तुकडा घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी दुर्बिणीच्या टोकाच्या उजेडात धरले. गॉज पांढरा होता. कपडा आकाशासारखा निळसर दिसत होता.

"मावशी, ह्याला नीळ घालता का?" तिनं हळू विचारलं.

"मंग? चांगली दोन टोपनं घालतो. त्याबिगर पांढरं निघते का कुठं?"

अनुपमाच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. यंत्राला ह्या निळ्यालाच पांढरं म्हणून दाखवलं होतं. त्यानं मग सगळ्या चित्रातून तेवढं निळं काढून टाकलं आणि उरलं ते लालपिवळं. ती काहीतरी बोलणार, असं मंजुळाबाईंना वाटलं. ती बोललीही, पण डॉक्टरांशी.

"सर, रंग बरोबर लागला नाही. माझी चूक झाली. गॉजवर लावते, परत एकदा बघावं लागंल."

"परत?" डॉक्टर भडकले. "तो मानूस काय शेतातला पाइप हाय, वाटन तवा नळी घालाले? डिप्लोमा कायचा केला तुमी? पांढरं कोनतं तेबी समजत नाही?"

अनुपमा खाली मान घालून ऐकत होती. मंजुळाबाईंनीही ऐकलं, एकेक शब्द. गोड लागलं. खोटं कशाला सांगा, तीन आठवडे ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द शेवटी तिच्या वाट्याला आले होते.

टेबलावरून बधिर जिभेचा जड आवाज आला. "घाला ना डॉक्टर अजून एकदा. आलोच हावो, त नीट पाहून घ्या. पुन्हा वडनेरहून कोन येन?"

गॉजवर टिंग वाजलं. दुर्बीण पुन्हा उतरली. या वेळी अन्ननलिका फिकट गुलाबी होती, लाल पेरूच्या आतल्या गरासारखी. लालीचा पत्ता नव्हता. छातीच्या मध्यावर मात्र एका बाजूला किंचित तांबूस सावली होती. डॉक्टर थांबले. "निळा करा." बटण दाबलं गेलं आणि त्या जागी अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी डाग वर आला, कडा आखल्यासारख्या.

डॉक्टरांनी चिमट्यासाठी हात पुढे केला, मंजुळाबाईंनी तो दिला. डागाचे चार बारीक तुकडे तपासणीसाठी औषधाच्या बाटलीत गेले.

"कॅन्सर असन त लय लवकर सापडलं," नळी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, स्वतःशीच म्हणाल्यासारखं. "मघाशी गोळ्या देऊन धाडून राह्यलो व्हतो याले."

मोतीरामांना उठवून, तोंड पुसून, मुलाच्या हाती दिल्यावर मंजुळाबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. कपडा तिथेच पडला होता. जुन्या मशीनीसारखं दिसतंय, डॉक्टर म्हणाले होते. मघाशी त्यांना ते कौतुक वाटलं होतं. आता त्याचा अर्थ पायापासून वर चढत आला. यंत्र तर नवं होतं. जुनं त्यात होतं काय? फक्त हा कपडा. म्हणजे अकरा वर्षं जी लाली दिसली, जिला डॉक्टर सूज म्हणत आले, ती रोग्याची होती की त्यांच्या रविवारच्या निळीची?

आत अनुपमा नळी धूत होती. डोळे पुसलेले होते, पण नाक लाल होतं.

"माझं नाव काऊन नाही घेतलं तू?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"बटण मी दाबलं ना मावशी. बघून घ्यायचं काम माझं होतं."

"जुन्या मशीनीलेबी असंच व्हत असन?"

अनुपमानं नळ मोठा सोडला. "छे हो. तिचा उजेडच पिवळा होता. तुमच्या कपड्याचं काय एवढं?"

हे खोटं होतं. अकरा वर्षं ज्या बाईनं तो उजेड हातानं सांभाळला, तिला त्याचा रंग दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. आणि खोटं कोणी बोलावं, तर ह्या पोरीनं! तिनं भांडण केलं असतं, हिणवलं असतं, तर मंजुळाबाईंना सोसलं असतं. तिनं दया दाखवली. जिचा हेवा केला तिच्याच दयेवर उभं राहायचं, याच्याइतकं कडू त्यांनी आयुष्यात काही गिळलं नव्हतं.

त्यांनी डब्याच्या पिशवीत हात घातला. वांग्याच्या भाजीचा डबा रस्त्यात कलंडला होता. टोपण हाती आलं ते हळदीनं पिवळंधमक झालेलं. ते त्यांनी अनुपमापुढे ओट्यावर ठेवलं. पोरगी टोपणाकडे बघत राहिली, मग त्यांच्याकडे. मंजुळाबाई वळल्या आणि डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"टोपन म्या लपवलं व्हतं," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "तिच्यावर जळून. आन कपडा निळीचा हाय. रंग त्याच्यानं बिघडला. पोरीची काही चूक नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. टोपणाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "नीळ कवापासून घालता?"

"पयल्यापासून. दर रविवारी."

"मले कधी सांगितलं नाही."

"तुमी कधी इचारलं नाही."

बाहेर शेगावकडे जाणारी गाडी धडधडत गेली. तिचा आवाज विरला तसा डॉक्टरांनी चष्मा टेबलावरच्या काचेवर ठेवला.

"जुनी मशीन तशीच व्हती," ते म्हणाले. "तिच्यात तसंबी कुठं नीट दिसे? जाऊ द्या. हे आपल्या दोघातच राहू द्या, मंजुळाबाई. आन उद्यापासून मशीनीजवळ उभ्या राहत जा. अनुपमाताईले मी सांगतो."

आपल्या दोघात! गेले तीन आठवडे मंजुळाबाईंनी दुसरं काय मागितलं होतं? डॉक्टरांचं आणि त्यांचं असं काहीतरी, ज्यात ती पोर नाही. ते आज न मागता मिळत होतं, जागेसकट. फक्त हात पुढे करायचा होता. मोह झाला नाही असं नाही. दाराच्या चौकटीला धरून त्या चांगल्या मिनिटभर उभ्या राहिल्या.

"सूज म्हनून वापस पाठवले, ते किती असतील?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"आले नाहीत पुन्हा, असे?"

"मंजुळाबाई, गाव लहान हाय. उद्या लोक काय म्हनतीन, इचार केला का?"

"कपडा माझा म्हना. अडाणी बाईनं केलं म्हना. लोकाईले पटन ते. मलेबी पटून राह्यलं." त्या दारातून टेबलापाशी आल्या. "मी फोन करतो. तुमी काही नका करू. त्याईले पाहाची तयारी ठेवा फक्त."

डॉक्टरांनी चष्मा चढवला, पुन्हा काढला. मग खण उघडून रोग्यांच्या वह्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. मंजुळाबाईंकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई बाहेरच्या टेबलाशी बसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दवाखान्यात खुर्चीवर. समोर रोग्यांच्या वह्यांची चळत, हाताशी फोन. आतून टिंग वाजलं. रात्रीतून हळद निघाली नव्हती, त्यामुळे गॉजवरच काम चाललं होतं. "अनुपमाताई, निळा करा," डॉक्टर म्हणाले. मंजुळाबाईंना ते 'ताई' अजूनही टोचलं. ते एका दिवसात थोडंच जातं.

पहिलं नाव होतं अर्जुनराव, निमगाव. दोन वर्षांपूर्वीचं. शेवटी एकच शब्द, सूज. बराच वेळ घंटी वाजल्यावर एका बाईनं फोन उचलला.

"अर्जुनराव हायेत का?" मंजुळाबाईंनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत टेबलाची कड घट्ट धरली.

"हायेत ना, गोठ्यात हायेत. कोन बोलून राह्यलं?"

"नांदुऱ्याहून. हिंमतराव डॉक्टरच्या दवाखान्यातून, मंजुळाबाई."

"अगंबाई, तुमी का! हे लय नाव काढत तुमचं. म्हनत, त्या बाईनं हनुवटी धरली त काही समजलंच नाही. काऊन फोन केला?"

"त्याईले एकदा धाडून द्या. दुर्बीन पुन्हा करा लागते."

"पुन्हा?" बाईचा आवाज बदलला. "तवा त डॉक्टर सूजच म्हनले व्हते."

"हो," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन तवा उजेड माझ्या हाती व्हता. तो बराबर नव्हता."

तिकडं बाईनं गोठ्याकडं तोंड करून नवऱ्याला हाक मारली. मग ती म्हणाली, "उद्याच धाडतो." मंजुळाबाईंनी फोन खाली ठेवला, अर्जुनरावांच्या नावापुढे बारीक खूण केली आणि पुढच्या नावाखाली बोट ठेवलं.